‘नेट बंद’ म्हणजे नेमकं काय काय बंद?

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात बँकमित्र म्हणून, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे देण्याघेण्याचं, काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: “शहरात तणाव झाला की सरकार नेट बंद करतं. मागच्या वेळी माझ्या फोनवरून बोलणं होत होतं, ओटीपीसुद्धा येत होता, पण अंगठ्याची मशीन काही चालेना. ग्रामपंचायतीत मात्र नेट सुरू होतं, आणि शेजारच्या गावात एका कंपनीचं सिम चालत होतं. लोक मला म्हणाले, ‘पैसे त जमा झाले म्हनता, मंग देत काहून नाई?’ नेमकं काय बंद होतं, काय चालू राहतं आणि अशा वेळी आम्ही काय करायचं?”

ताई, मी नऊ वर्षं मोबाईल टॉवरच्या देखभालीवर काढली आणि त्यानंतरची बारा वर्षं तालुक्यात घरोघरी फायबरचं कनेक्शन देतो आहे. बंदीचा आदेश निघाला की आमचा फोन रात्रभर थांबत नाही. तुम्ही जे चार प्रकार पाहिले ते एकमेकांशी जुळत नाहीत असं वाटेल, पण ते चोख जुळतात. त्या दिवशी फक्त मोबाईलचा डेटा बंद होता. बोलणं, एसएमएस आणि तारेवरून येणारं इंटरनेट यांना आदेशाने हात लावलेला नव्हता. आपण सरसकट ‘नेट बंद’ म्हणतो तिथेच गोंधळ सुरू होतो. आदेशात तीन गोष्टी असतात: कोणती सेवा, कोणता भाग, कधीपर्यंत. या तीन गोष्टी कळल्या की निम्मी अडचण सुटते. आणि गावात नेमक्या त्याच तीन गोष्टी कोणी सांगत नाही.

आधी टॉवरचं सांगतो. एकाच टॉवरवरून बोलण्याची वाट वेगळी जाते, इंटरनेटची वेगळी. जुन्या २जीमध्ये ते उघड होतं. आताच्या ४जीवर बोलणंसुद्धा डेटाच्याच रूपात जातं, पण कंपनीने आपल्या नेटवर्कमध्ये त्याला स्वतंत्र मार्गिका दिलेली असते. आदेश आला की कंपनी इंटरनेटची मार्गिका अडवते, बोलण्याची चालू ठेवते. त्यासाठी टॉवरवर कोणी चढत नाही की टॉवर बंद करत नाही. राज्याच्या पातळीवरच्या कंपनीच्या कार्यालयातून, त्या भागातल्या टॉवरांच्या यादीवर संगणकानेच हुकूम सुटतो. म्हणून फोनवर दांड्या पूर्ण दिसतात, ४जीची खूण दिसते, पोरीशी बोलणं होतं, आणि व्हॉट्सॲपच्या निरोपापुढचं घड्याळ मात्र हटत नाही. ओटीपीचा एसएमएसही इंटरनेटच्या वाटेने येत नाही, म्हणून तो तुम्हाला आला. पण तो ज्या ॲपमध्ये टाकायचा ते ॲपच उघडत नसेल तर ओटीपी येऊन उपयोग काय?

तुमच्या मशीनचं दुखणं इथेच आहे. ग्राहकाने अंगठा ठेवला की तो ठसा नुसता तुमच्या बँकेत जाऊन थांबत नाही. आधारच्या यंत्रणेत पडताळणी, मग ग्राहकाच्या बँकेची मंजुरी, मग तुमच्याकडे पावती, असा सगळा फेरा काही सेकंदांत होतो आणि तुमच्याकडे तो फेरा सिमच्या डेटावर चालतो. ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतींना इंटरनेट देणाऱ्या केंद्राच्या योजनेची, फायबर आहे, त्या आदेशात तारेवरचं इंटरनेट नव्हतं, म्हणून तिथे सुरू राहिलं. तुमच्या गावातून ग्रामपंचायत दोनशे पावलांवर असेल, पण त्या दिवशी ती दुसऱ्याच देशात होती म्हणा.

इथे एक ओळखायला शिका, कारण आपल्याकडे नेट जायला सरकारी आदेशच लागतो असं नाही. सगळ्या कंपन्यांचा डेटा एकाच वेळी गेला आणि बोलणं सुरू आहे, तर तो बहुतेक आदेश. एकाच कंपनीचं गेलं, दुसरीचं चालू आहे, तर बहुधा बिघाड (हद्दीवरच्या गावांचं वेगळं, ते पुढे सांगतो). बोलणंही गेलं, दांड्याच गायब, तर टॉवरची वीज गेली आणि बॅटरी उतरली, किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली. मी टॉवरवर असताना पावसाळ्याच्या तोंडावर आठवड्यातून दोनदा तरी तुटलेली तार जोडायला जायचो. आणि मेळघाटात किंवा गडचिरोलीत अशी गावं आहेत जिथे बंदी काय आणि सुरू काय, मुळात रेंजच टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे, ते इथे मिसळत नाही.

आता प्रकार. सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे तुम्ही पाहिलेला: मोबाईल डेटा बंद, त्यात डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचं सिमचं यंत्रही आलं. गावाला सगळ्यात जास्त मारणाराही हाच. शहरात घराघरात, दुकानात, दवाखान्यात तारेवरचं इंटरनेट असतं, म्हणून मोबाईल डेटा गेला तरी वायफायवर कामं चालतात. आपल्याकडे शंभर घरांच्या गावात फायबरची घरं हाताच्या बोटांवर मोजता येतात. बाकी सगळं गाव सिमवर. आदेश दोघांना सारखाच लागतो, पण शहरात त्याने खोळंबा होतो आणि गावात व्यवहारच थांबतो. दंगल शहराच्या चौकात झालेली असते, हे मला नेहमी बोचतं.

दुसरा प्रकार एसएमएसचा. घाऊक एसएमएस, म्हणजे एकाच वेळी हजारोंना जाणारे, बंद करतात. हरियाणात शेतकरी आंदोलनाच्या काळात निघालेले आदेश वाचण्यासारखे आहेत. त्यात मोबाईल इंटरनेट, घाऊक एसएमएस आणि डोंगल बंद, पण बोलणं, बँकेचे एसएमएस, मोबाईल रिचार्ज, घरगुती ब्रॉडबँड आणि लीज लाईन (एकाच ग्राहकासाठी राखलेली तार) चालू, असं शब्दाशब्दाने लिहिलेलं असतं. बंदी बरी की वाईट हा वाद वेगळा, पण आदेश लिहावा तर असा. निदान वाचणाऱ्याला आपलं काम चालेल की नाही ते कळतं.

तिसरा प्रकार वेग कमी करण्याचा. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये सगळंच बंद केलं, जानेवारी २०२० मध्ये मोबाईल इंटरनेट परत दिलं ते २जीच्या वेगाने, आणि ४जी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. २जीवर साधा मजकूर कसाबसा जातो, पण फोटो नाही, ऑनलाईन वर्ग नाही, बँकेचं ॲप अर्ध्यात दम सोडतं. 

चौथा प्रकार निवडक बंदीचा, आणि तो कागदावर सगळ्यात शहाणा दिसतो. अफवा व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर पसरतात ना, मग तेवढंच बंद करा. काश्मीरमध्येच एप्रिल २०१७ मध्ये २२ समाजमाध्यमांवर एक महिना बंदी घातली होती. पण हे ॲप सांकेतिक भाषेत बोलतात, त्यांचे पत्ते बदलत राहतात, आणि लोक व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवणारी आडवाट, लावून बाहेर पडतात. त्यातून उलटा प्रकार निघाला: ठरावीक संकेतस्थळंच चालू, बाकी सगळं बंद. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरसाठी आधी १५३ आणि मग ३०१ संकेतस्थळांची अशी यादी काढली. यादीत बँकेचं नाव होतं तरी बँकेचं पान धड उघडेलच असं नव्हतं. कारण एक पान उघडायला मागून दहा ठिकाणचा माल येतो: चित्रं एकीकडून, पैसे भरण्याची खिडकी दुसरीकडून, सुरक्षेची तपासणी तिसरीकडून. यादीत मुख्य दुकान असतं, गोदाम नसतं. नेटवर्क हाताळणारा माणूस म्हणून सांगतो, ही यादी बनवणं दिसतं तितकं सोपं काम नाही, आणि जिल्ह्याच्या पातळीवर एका रात्रीत तर होतच नाही. म्हणूनच अधिकारी सरळ सगळा मोबाईल डेटा बंद करून मोकळे होतात.

पाचवा, सगळ्यात कडक प्रकार: तारेवरचं इंटरनेटही बंद. मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये तेच झालं. जुलैअखेर ब्रॉडबँड अंशतः परत दिलं तेव्हा अटी होत्या: इंटरनेटवरचा न बदलणारा, स्थिर पत्ता (स्टॅटिक आयपी) असलेलंच कनेक्शन, वायफाय किंवा हॉटस्पॉट चालणार नाही, समाजमाध्यमं आणि व्हीपीएन बंद, ग्राहकाने तसं लिहून द्यायचं. माझ्यासारख्या छोट्या जोडणीवाल्याला हे वाचून घाम फुटतो. आमच्याकडच्या घरगुती कनेक्शनला स्थिर पत्ता नसतो, आणि घरात वायफायशिवाय कोणी वापरत नाही. म्हणजे नावाला परत दिलं, खरं कोणालाच नाही. या सगळ्याच्या वर बोलणंसुद्धा बंद करण्याची पायरी आहे. तीही काश्मीरने २०१९ मध्ये पाहिली. आणि एखादं संकेतस्थळ किंवा खातं देशभर अडवणं हा याहून निराळा मामला आहे. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली येतो आणि त्याने तुमची मशीन थांबत नाही.

भागाबद्दल तुम्ही विचारलंत, शेजारच्या गावात चालू होतं ते कसं. आदेशात तालुका, शहर, पोलीस ठाण्याची हद्द लिहिलेली असते. टॉवरला हद्द समजत नाही. एका टॉवरवर साधारण तीन दिशांना तीन अँटेना असतात, आणि आपल्या वऱ्हाडच्या सपाट काळ्या रानात एकेक अँटेना सहज चार-पाच किलोमीटर जाते. शहराच्या कडेचा टॉवर यादीत गेला की त्यावर टेकलेली हद्दीबाहेरची गावंही गेली. उलट तुमच्या शेजारच्या गावाला त्या एका कंपनीचा सिग्नल बहुधा पलीकडच्या तालुक्यातल्या टॉवरवरून मिळत असणार, तो यादीत नव्हता. मी टॉवरवर असताना अशा एका वेळी एक शेतकरी टॉवरच्या खोलीपाशी येऊन म्हणाला, “भाऊ, माह्या वावरात चालते, घरी चालत नाई, तुम्ही कायतरी केलं.” मी काहीच केलं नव्हतं. त्याचं वावर दुसऱ्या टॉवरच्या सावलीत होतं. नंतर दोन दिवस तो फोन घेऊन बांधावर बसायचा, आणि हळूहळू त्या बांधावर अर्धं गाव जमायला लागलं.

आता हा अधिकार कुणाचा, ते नीट लक्षात ठेवा, कारण गावात सगळे म्हणतात ‘कलेक्टरने बंद केलं’. पूर्वी जमावबंदीच्या कलम १४४ खाली जिल्हादंडाधिकारी नेट बंद करत. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने त्यासाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा लागतो. अगदीच अटळ परिस्थितीत सहसचिव दर्जाचा अधिकारी देऊ शकतो, पण तो २४ तासांत मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर आपोआप संपतो. राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाच कामाच्या दिवसांत तो तपासायचा. कंपन्यांपर्यंत आदेश पोहोचवणारा अधिकारी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून खालचा नको. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यात १५ दिवसांची कमाल मुदत घातली. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम निघाले, त्यांतही चौकट हीच आहे आणि आदेश प्रसिद्ध करणं, त्यात कारण व भाग स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे. कलेक्टर आणि पोलीस अहवाल पाठवतात, मागणी करतात. सही मुंबईत होते.

प्रसिद्ध करण्याची ही अट न्यायालयाच्या निकालातून आली. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार अनुराधा भसीन यांच्या काश्मीरमधल्या बंदीविरुद्धच्या याचिकेवर सांगितलं की इंटरनेटवरून बोलण्याचं आणि व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ च्या संरक्षणात येतं, बेमुदत बंदी चालणार नाही, बंदी गरजेपुरतीच असावी आणि आदेश लोकांसमोर ठेवावा, म्हणजे कुणाला आव्हान द्यायचं तर देता येईल. त्या तीन न्यायमूर्तींच्या पीठात आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते, जे पुढे सरन्यायाधीश झाले. त्याच अमरावतीत पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, दंगल आणि संचारबंदीत इंटरनेट बंद झालं. राज्यात त्यानंतर कोल्हापूरने जून २०२३ मध्ये अनुभव घेतला, सप्टेंबरात साताऱ्याने, आणि मराठा आंदोलनात बीड-जालन्याने. देशभरात २०२३ मध्ये ११६ वेळा आणि २०२४ मध्ये ८४ वेळा इंटरनेट बंद झाल्याची मोजणी ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेने केली आहे. आश्चर्य याचं वाटतं की हा हिशेब बाहेरची संस्था ठेवते. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेच म्हटलं होतं की केंद्राच्या कोणत्याच खात्याकडे याची नोंद नाही, ती ठेवा.

कायदा एवढा सांगून थांबतो, कारण तुमचं काम मशीनशी आहे. एक प्रसंग सांगतो, त्यात काय चालतं आणि काय अडतं ते एकत्र दिसेल.

काही वर्षांपूर्वी, कापूस वेचणीचे दिवस, दुसऱ्या दिवशी बाजार. शहरातल्या तणावामुळे मोबाईल डेटा दुपारी गेला. संध्याकाळी आमच्या ओळखीच्या एका काकाजींचा फोन. ओसरीवर अकरा बाया बसल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात किलोची चिठ्ठी. काकाजींचे कापसाचे पैसे जिनिंगवाल्याकडून आदल्याच दिवशी खात्यात आले होते, आणि यूपीआय आल्यापासून घरात रोकड ठेवायची सवय मोडली होती. मी म्हटलं, माझ्या ऑफिसात फायबर सुरू आहे, मोटरसायकलवर या. ते आले, फोन वायफायला जोडला, मुकादम बाईच्या खात्यात पैसे गेले. सिम तेच, फोन तोच, त्यामुळे यूपीआयला काही अडलं नाही. आता बाईच्या फोनवर डेटा नाही, तिला ॲपमध्ये काही दिसत नाही. पण बँकेचा एसएमएस आला: अमुक रुपये जमा. ती एसएमएस घेऊन किराणावाल्याकडे गेली की यावर रोकड द्या, तर तो म्हणाला, असे खोटे मेसेज रोज फिरतात. त्याचंही चूक नव्हतं. शेवटी बँकेच्या मिस्ड कॉलच्या नंबरवर त्याच्यासमोर फोन लावला, उलट एसएमएसने शिल्लक आली, तेव्हा त्याने प्रत्येकीला पाचशे दिले, बाकी बाजारानंतर. रात्रीचे साडेनऊ झाले होते. एक बाई तान्हं पोर घेऊन तिथेच पायरीवर झोपली होती.

त्या दिवशी मला कळलं की एका टोकाला नेट असून भागत नाही. देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि शेवटी रोकड काढून देणाऱ्याला, तिघांनाही वाट हवी. गावात तो तिसरा माणूस म्हणजे तुम्ही. म्हणून तुमच्यासाठी माझा पहिला आग्रह: तुमच्या केंद्राला सिमशिवाय दुसरी जोडणी घ्या, तारेची. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली असेल तर तिथून पुढे जोडणी मिळते का ते विचारा. मिळत नसेल तर सरपंचांशी बोलून ठेवा की अशा दिवशी तुम्हाला ग्रामपंचायतीच्या खोलीत मशीन घेऊन बसू द्यावं. त्या मशीनला वायफाय घेता येतं का ते आजच तपासा. काही मशीन फक्त सिमवरच चालतात, आणि ते ऐन वेळी कळून उपयोग नाही. बँकेची परवानगीही लेखी घ्या, कारण ठरलेल्या जागेबाहेर व्यवहार केला म्हणून नंतर तुम्हालाच जाब विचारतील.

डेटा जाताना जो व्यवहार मध्येच लटकतो, त्याचं भांडण सगळ्यात वाईट. खात्यातून कटले, हातात आले नाहीत, आणि बाई तुमच्याकडे बघते आहे. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम तुमच्या बाजूने आहे: आधारवरच्या अशा फसलेल्या व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा झाले पाहिजेत, उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तुम्ही वहीत तारीख, वेळ, रक्कम आणि मशीनने दाखवलेला व्यवहार क्रमांक लिहून त्या माणसाला चिठ्ठी द्या. त्याच व्यवहारासाठी दुसऱ्यांदा अंगठा घेऊ नका. घाईत तीच चूक होते आणि दोनदा कटतात.

लोकांना आधीपासून शिकवण्यासारखी एक गोष्ट म्हणजे *९९#. ही सेवा साध्या कॉलच्या वाटेने जाते, इंटरनेट लागत नाही, साध्या बटणाच्या फोनवरही चालते. शिल्लक कळते, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. मार्च २०२२ पासून बोलून किंवा बटणं दाबून पैसे पाठवायची यूपीआय १२३पे ही सोयही आहे. पण दोन्हींची तयारी आधी करावी लागते: खात्याला मोबाईल नंबर जोडलेला, यूपीआय पिन काढलेला. बंदच्या दिवशी सुरुवात करायला गेलं तर डेबिट कार्डाचे आकडे शोधण्यातच संध्याकाळ होते. दिवाळीच्या आधी, वेचणी सुरू व्हायच्या तोंडावर, बचतगटाच्या बैठकीत दहा-दहा बायांचं हे करून टाका. तुमच्याइतकं विश्वासाचं माणूस गावात दुसरं नाही.

शेतकऱ्यांचं. नुकसानीच्या सूचनेला घड्याळ लागलेलं असतं. ज्या हंगामात पीकविम्यात गारपीट, पाणी साचणं अशा स्थानिक आपत्तीचं कवच लागू असतं, तेव्हा ७२ तासांत कळवावं लागतं, आणि लोकांना वाटतं ते फक्त ॲपवरूनच. १४४४७ या क्रमांकावर फोन करूनही कळवता येतं, आणि फोन सुरू असतो. तक्रार क्रमांक लिहून घ्या, पंचनाम्यासाठी कृषी सहायकांनाही फोन करा. तसंच रुग्णवाहिकेचा १०८ आणि मदतीचा ११२, हे बोलण्याच्या वाटेवरचे आहेत. नेट बंद म्हणजे तेही बंद, असं समजून एका घरात बाळंतिणीला बैलगाडीने नेलेलं मी ऐकलं आहे. हे एक वाक्य तरी गावात सगळ्यांना सांगा.

रेशनच्या दुकानातही तुमच्यासारखीच मशीन आहे. अंगठा उमटला नाही किंवा नेटवर्क नाही म्हणून पात्र कार्डधारकाला धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना २०१७ पासून आहेत. दुकानदाराने नोंदवहीत लिहून द्यायचं. तो देत नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागाला फोन लावा. रोजगार हमीच्या कामावर जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाईलच्या ॲपवर फोटो काढून सक्तीची झाली. अशा दिवशी रोजगार सेवकाने कागदावर हजेरी घेऊन त्याच दिवशी पंचायत समितीला लेखी कळवलं नाही, तर मजुराचा दिवस बुडतो. मेळघाटातल्या मजुरासाठी तो एक दिवस फार मोठा असतो.

आणि बंदी चुकीची वाटली तर? आदेशाची प्रत माहितीच्या अधिकारात गृह विभागाकडे मागा. विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांना उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. झारखंडमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये भरती परीक्षेसाठी राज्यभर इंटरनेट बंद केलं, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने रविवारी बसून ते सुरू करायला लावलं. परीक्षेत कॉपी होईल म्हणून अख्ख्या राज्याचा व्यवहार बंद, हे कुठल्याच मापात बसत नाही. दंगलीत माणसं मरत असताना काही तासांची बंदी मी समजू शकतो. मी स्वतः अशा एका रात्री अफवेचे व्हिडिओ फिरताना पाहिले आहेत, त्यांतला एक तर दुसऱ्याच राज्यातला होता. पण तेव्हाही दवाखाना, बँक, रेशन यांच्या जोडण्या आदेशातच नावानिशी वगळाव्यात, टॉवरची यादी करताना हद्दीबाहेरची गावं तपासावीत, आणि तलाठ्याने आदेशाची प्रत त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. गावात दवंडी अजून चालते, कोतवाल अजून आहे. इंटरनेट बंद झाल्याची बातमी इंटरनेटवर टाकून गावाला कशी कळणार?

तोपर्यंत तुम्ही तुमच्या दारावर लावायला एक कागद करून ठेवा, मोठ्या अक्षरात, फक्त तारखा बदलायच्या: “सरकारी आदेशामुळे दि. ___ रोजी ___ वाजल्यापासून मोबाईल इंटरनेट बंद आहे. दि. ___ रोजी ___ पर्यंत. अंगठ्याची मशीन चालणार नाही. तुमचे पैसे खात्यात सुरक्षित आहेत. शिल्लक पाहण्यासाठी मिस्ड कॉल क्रमांक: ___. तातडीच्या रोकडीसाठी शाखा: ___, वेळ ___. फोन आणि १०८ सुरू आहे.” शाखेची तार सुरू आहे का, ते कागद लावण्याआधी शाखेत फोन करून विचारा. बहुतेक शाखा लीज लाईनवर असतात, पण नुसत्या अंदाजावर म्हाताऱ्या माणसाला वीस किलोमीटर पाठवू नका.